तिसऱ्या ओळीतलं नाव

कारागीर: आजी, जरा मागे सरा. रंग ओला आहे, कपड्यांना लागेल.

आजी: त्या तिसऱ्या ओळीतल्या नावात रंग भरू नका.

कारागीर: बागेत येणारा प्रत्येक जण मला माझं काम शिकवून जातो. या दगडावर सत्तेचाळीस नावं आहेत, सगळी काळी करायचीत.

आजी: ते नाव माझं आहे.

कारागीर: एका नावाची चार माणसं असतात.

आजी: वडिलांचं नाव, आडनाव, सगळं माझंच. कारखाना जळाला तेव्हा मी तिथे शिलाईला होते. त्या दिवशी माझ्या कार्डावर धाकटी बहीण गेली.

कारागीर: दुसऱ्याच्या कार्डावर? चालायचं?

आजी: सगळ्याच करायच्या. मशीन रिकामं दिसलं नाही म्हणजे झालं, मुकादम तोंडाकडे कुठे बघतो. मेलेल्यांची यादी हजेरीवरून केली. माझी हजेरी लागलेली, म्हणून मी मेले. तिचं नाव कुठेच नाही.

कारागीर: मग पन्नास वर्षं स्वतःच्याच नावाला फुलं वाहिलीत?

आजी: वाहिली. दर वर्षी आईला घेऊन यायचे. ती माझ्या नावावरून हात फिरवायची आणि धाकटीसाठी रडायची. मी शेजारी उभी.

कारागीर: ऑफिसात जाऊन सांगायचं होतं.

आजी: वडील ऑफिसात जाऊन आले होते. तिथले साहेब म्हणाले, थोरलीलाच पाठवा, कार्ड का दिलं ते तिने लिहून द्यावं. मी गेलेच नाही. आई होती तोवर तोंड उघडलं नाही. गेल्या महिन्यात आई गेली. आता मला तिथे धाकटीचं नाव हवंय.

कारागीर: दगडावरचं खोडता येत नाही. बुजवून पुन्हा कोरावं लागतं. ते मी करीन, दोन दिवसांचं काम. पण वरून कागद यावा लागतो. दुरुस्तीचा अर्ज असतो माझ्या पिशवीत, चुका निघतातच लोकांच्या. घ्या.

आजी: तुम्हीच भरा. मी सांगते.

कारागीर: सांगा. चुकीचं नाव… हं. बरोबर नाव… झालं. नातं, बहीण. खाली 'चूक कशी झाली' म्हणून रकाना आहे. तुम्ही आजारी होतात असं लिहितो. साहेब फार खोलात जात नाहीत.

आजी: नको. सिनेमाला गेले होते असं लिहा.

कारागीर: (पेन थांबवून) तसं लिहायलाच हवं असं नाही, आजी.

आजी: लिहा. आजारी आहे असं मी धाकटीला सांगितलं होतं.