गाडीचा आवाज

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या स्कूटरची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ आणि त्यांची कॉलेजातली मुलगी. मिस्त्री त्यांच्या गाडीकडून हात पुसत आला.

"हवेच्या फिल्टरचा डबा फुटलाय, म्हणून गाडी एवढी ओरडते. नवा बंद डबा बसवला तर गाडी आल्याचं कुत्र्यालाही कळणार नाही. उघडा फिल्टर घेतलात तर इंजिनाला हवा भरपूर, पण आवाज असाच राहील."

"बंद डबाच द्या. या वयात गुरगुर कशाला?"

"नको बाबा, उघडाच घ्या," मुलगी म्हणाली.

"तुला कधीपासून गाड्यांचा नाद लागला?"

"नाद नाही. आवाज कोपऱ्यावरूनच येतो, तेवढाच आम्हाला वेळ मिळतो."

"कसला वेळ?"

"आवरायला. आजी म्हणते, 'आला.' मग आई टीव्ही बंद करते आणि आमचं हसणं थांबतं."

"आजीला कुठे ऐकू येतं?"

"तेवढं येतं."

"आणि एवढं हसता तरी कशाला?"

"तुम्ही आत आलात की आठवत नाही, बाबा."

"साहेब, मग कुठला बसवू?"

"उघडाच बसवा," गृहस्थ म्हणाले, पण इतक्या हळू, की मिस्त्रीला पुन्हा विचारावं लागलं.