याकोब आणि एसाव यांच्याविषयी खुलासा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय लिंडक्विस्ट बाई, व्यासपीठावरचे आमचे पाद्री रेव्हरंड होल्म, वन्यजीव खात्याचे मोजणी अधिकारी श्रीयुत पॉल्सन, आपला बंब बाहेर रस्त्यावर उभा करून ही जागा मोकळी करून देणारे अग्निशमन दलातले मित्र, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे गावकरी बंधुभगिनींनो,

जूनमधल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेसहा वाजता मी काय करत होतो, ते आधी सांगतो. मी आपल्या लाल कड्यावर, फळीएवढ्या रुंद कपारीत पोटावर पालथा पडलो होतो. पँट गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली होती. कॅमेऱ्याची तिवई दरीत गेली होती. तिचा आवाज बराच वेळ येत राहिला, त्यावरून दरी किती खोल आहे ते कळलं. मला वर जाता येत नव्हतं आणि खाली येता येत नव्हतं. मी प्रार्थना करत होतो. खोटं कशाला बोलू, त्या प्रार्थनेत भक्ती कमी आणि घाई जास्त होती.

आता एकोणपन्नासाव्या वर्षी, हे पोट घेऊन, शाळेच्या बसचा ड्रायव्हर कड्यावर कशाला चढला? घरून निघताना लारूनेही हेच विचारलं होतं. ती म्हणाली, "वीस वर्षं रस्त्यावरून फोटो काढतोयस. रानमेंढ्यांची काही तक्रार आली का?"

मी म्हटलं, "सत्कार होणार आहे ऑगस्टमध्ये. एक तरी फोटो जवळून काढलेला हवा."

"मग जा," ती म्हणाली. "पण चांगली पँट घालू नकोस." माझ्या बायकोला पुढचं दिसतं.

बाईंनी आत्ताच माझं जे कौतुक केलं, ते मी मान खाली घालून ऐकलं. नम्रपणा समजू नका, कारण वेगळं आहे. या दाराच्या दोन्ही बाजूंना माझे दोन फोटो लावले आहेत. उजवीकडे याकोब, त्याच्या शिंगाचा वेढा पूर्ण, टोक शाबूत, नुकताच सलूनमधून आल्यासारखा. डावीकडे एसाव, शिंगाचं टोक तुटलेलं, राकट. बायबलातल्या जुळ्या भावांची नावं मीच ठेवली. चार वर्षांत गावाने त्यांना आपलंसं केलं. त्यांची दिनदर्शिका निघाली. ते दोघे कधीच एकत्र दिसत नाहीत, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. त्यावर सगळ्यांनी मिळून काय निष्कर्ष काढला? की भावाभावांचं पटत नाही. रेव्हरंड होल्म यांनी तर समेटावर त्यांचा दाखला देऊन एक सुंदर प्रवचन केलं. रेव्हरंड, मी पहिल्या बाकावर बसून रुमाल काढला होता. क्षमा करा.

तर मी कपारीत पालथा असताना वरून खडे पडले. मान वळवून पाहिलं तर वीस पावलांवर एक मेंढा उभा. मोठ्या शिंगांचा, अंगावर अजून हिवाळ्याची लोकर लोंबत असलेला. तो माझ्याकडे पाहत होता. कड्यावर त्याच्या घरात कुणी फाटक्या पँटने पडलेलं त्याने पूर्वी पाहिलं नसावं. मग त्याने तोंड डावीकडे वळवलं. याकोब! मी फोटो काढला. मग त्याने तोंड उजवीकडे वळवलं.

एसाव.

मी तोही फोटो काढला आणि कॅमेरा खाली केला. तो पुन्हा समोर बघू लागला. एक शिंग पूर्ण, एक तुटकं, आणि मधे नाकावर तो पांढरा व्रण. तो व्रण दोन्ही फोटोंत आहे, जाऊन पाहा. मला तो चार वर्षं दिसत होता. मी म्हणायचो, भाऊच ते, ठेवण सारखी असणारच.

असं झालं कसं? सकाळी पहिलं मूल बसमध्ये घ्यायच्या आधी मी ओढ्यापाशी थांबतो. तेव्हा मेंढे खालच्या खारट मातीवरून कड्याकडे चाललेले असतात. रस्त्यावरून त्यांची उजवी बाजू दिसते. दुपारी शेवटचं मूल उतरवलं की मी पुन्हा तिथेच थांबतो. तेव्हा ते परत येत असतात, डावी बाजू. म्हणजे याकोब सकाळी जायचा आणि एसाव दुपारी यायचा. बरं, समोरून काढलेले फोटो नव्हते का? होते. पण खात्याच्या मोजणीला बाजूनेच फोटो लागतो, शिंगाचा वेढा कळावा म्हणून. शिवाय समोरून शिंगं वाकडीतिकडी दिसायची. मी भिंगाला दोष दिला. ते दुरुस्तीला पाठवलं. दुरुस्त करणाऱ्याने लिहून पाठवलं की भिंगात काहीही बिघाड नाही. मी लारूला म्हटलं, "या शहरातल्यांना काय कळतं?"

बायबलातल्या त्या जुळ्यांच्या बापाला, इसहाकाला, म्हातारपणी दिसत नव्हतं, म्हणून त्याच्यापुढे एका मुलाच्या जागी दुसरा उभा करता आला. मला डोळे आहेत, हातभर लांब भिंग आहे, आणि मी एका मुलाचे दोन केले. बाई, तुमच्या एकखोली शाळेत तुम्हीच मला बेरीज शिकवली. तुमचा यात काही दोष नाही.

इथवर हसण्यासारखं आहे. हसा, मीही हसलो. कपारीत पडल्या पडल्या हसलो, आणि मग हसू थांबलं.

कारण आपल्या कड्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. साथीच्या आजारात कळप गेला, त्यानंतर कितीतरी वर्षं शिकारीचा परवाना निघाला नाही. दहा मोठे नर मोजले गेले तरच एक परवाना. नऊ असतील तर एकही नाही. यंदा दहा मोजले गेले, माझ्या फोटोंवरून. आणि तो एकमेव परवाना सोडतीत लागला माझे शेजारी थेन बेकस्टेड यांना. सत्तावीस वर्षं ते दरवर्षी अर्ज भरत होते. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते आमच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं, दोनदा. पासष्ट वर्षांचा माणूस मेपासून पाठीवर दगडांची पिशवी घेऊन रोज टेकडी चढतो आहे. मी शिकारीच्या विरुद्ध नाही. माझ्या वडिलांनी आणलेल्या मांसावर मी वाढलो. जेवणाआधी त्या जनावराचेही आभार मानायला त्यांनी शिकवलं. प्रश्न शिकारीचा नव्हता. सप्टेंबरमध्ये थेन जो मेंढा मारतील तो जास्तीचा दहावा नसेल, हा प्रश्न होता.

मी खाली कसा उतरलो ते विचारू नका. बसून उतरलो. पँटचं उरलेलं कापड तिथेच राहिलं.

आणि मग मी काय केलं? काही नाही. नऊ आठवडे काही नाही केलं. थेन रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन विचारायचे, "एल्डन, तूच सांग. याकोब की एसाव?"

मी म्हणायचो, "एसाव अवघड जागी असतो."

"मग याकोब?"

"तोही तसाच."

"अरे भल्या माणसा, भाऊ आहेत की एकाच अंगाचे दोन हात?"

मी म्हणायचो, कुंपणाचा खिळा निघालाय, बघतो. नऊ आठवड्यांत आमचं कुंपण फार मजबूत झालं आहे. रात्रीच्या जेवणाआधी आभार मानताना मला शब्द सुचेनात. लारूने एकदा डोळे मिटूनच विचारलं, "आज पण नाही सांगितलंस ना?" आमेन त्यानंतर म्हणाली.

मी स्वतःला समजावत होतो की मी गप्प बसतो ते थेनसाठी. पण खरं सांगू? दिनदर्शिका, हे दोन फोटो, आजची ही संध्याकाळ, हे सगळं त्या गप्प बसण्यात होतं. थेनचं नाव मी फक्त पुढे उभं केलं होतं.

काल सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते पिशवीत दगड भरत होते. मी कड्यावरचे ते दोन फोटो पुढे ठेवले. त्यांनी ते शेजारी शेजारी धरून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे सत्तावीस वर्षं मी अर्ध्या मेंढ्याची वाट पाहिली?"

मी म्हटलं, "थेन, मी आता खात्यात..."

"मला का सांगतोयस?" ते ओरडले. "आधी तिकडे सांगून यायचं होतंस! आता मी जर म्हटलं, गप्प बस, तर बसशील?"

ते पिशवीतले दगड एकेक करून बाहेर काढू लागले. तीन काढले आणि म्हणाले, "जा बाबा. मी म्हणायच्या आत जा."

मी गेलो. म्हणजे काल नाही. काल मी गाडी काढून ओढ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. गेलो ते आज.

हा सत्कार रद्द करावा असं मी आज दुपारी लारूला म्हटलं होतं. ती म्हणाली, "सोळा बायकांनी केक भाजले आहेत. तू पळून गेलास तर ते मी कुणाला खायला घालू?" म्हणून उभा आहे. ही पाटी तुम्ही प्रेमाने दिलीत. तिच्यावर 'दोन भावांचे छायाचित्रकार' असं कोरलं आहे. ती मी ठेवून घेतो. रोज वाचण्याची मला गरज आहे.

बाईंचे, रेव्हरंडांचे, केक भाजणाऱ्या सोळाजणींचे मनापासून आभार. थेन बेकस्टेड यांचे आभार. ते आले आहेत, तिसऱ्या रांगेत आहेत. त्यांनी अजून टाळी वाजवलेली नाही, आणि पुढच्या वर्षापर्यंत त्यांचे गुडघे वाट पाहतील की नाही हे देवाला ठाऊक; पण ते आले आहेत.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. मोजण्यात झालं ते मात्र पोटात घालू नका, अशी विनंती आहे. आज दुपारी चार वाजता मी श्रीयुत पॉल्सन यांच्या टेबलाशी बसलो, दोन्ही फोटो त्यांच्या हातात दिले, आणि कागदावर माझ्या नावाखाली लिहून आलो की लाल कड्यावर मोठे नर नऊ आहेत.