उलटी धरलेली पट्टी

सन्माननीय अध्यक्षबाई, मंचावरचे मोठे साहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपले मोजणीसाहेब, आणि दरीतून चालत आलेल्या माझ्या भाऊबंदांनो,

सूनबाईनं भाषण लिहून दिलं होतं. ते चष्म्याच्या डबीत राहिलं आणि डबी घरी. तेव्हा आठवेल तसं बोलतो. पण आधी एक विचारू का? मोजणीसाहेबांच्या निवृत्तीचा कागद त्यांच्या हातात पडलाय ना? पडलाय. मग हरकत नाही.

धरणाच्या मोजणीला साहेब आले, तेव्हा आमची बेचाळीस घरं बुडणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं. पणज्यापासून त्या जमिनीत राबतोय, पण कागद एकाकडेही नव्हता. मला आकडे वाचता येतात, म्हणून उंच पट्टी धरायला घेतलं. साहेब लांबून दुर्बिणीतून तिच्यावरचे आकडे वाचणार. पहिल्याच सकाळी माझ्या थोरल्या बहिणीनं त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "काय रे बाबा, धरणाचं पाणी माझ्या चुलीपर्यंत येणार की आढ्यापर्यंत?" साहेब नुसते पाणी पीत राहिले.

मग त्यांनी मला दुर्बिणीत डोकावू दिलं. बघतो तर बहीण खाली डोकं, वर पाय. जुनी दुर्बीण, सगळं उलटंच दाखवायची. माझ्या जिवाला घोर लागला. या माणसानं उलटे आकडे वाचायचे तरी किती? म्हणून त्यांच्या सोयीसाठी मी तीन दिवस पट्टीच उलटी धरली.

नकाशा निघाला, तो खोल ते उंच आणि उंच ते खोल दाखवणारा. त्यात आमची दरी कोरडी ठणठणीत आणि पाणी थेट मोठ्या साहेबांच्या बंगल्याच्या गच्चीवर. मोठे साहेब, राग नसावा. फेरमोजणीत चौदा महिने गेले. तेवढ्यात आम्ही जमिनीच्या हक्काचे बेचाळीस दावे लावले, जमिनी नावावर झाल्या, म्हणजे आता आमची संमती लागणारच, आणि सगळ्या दरीनं मिळून धरणाला नकार लिहून दिला. धरण बारगळलं.

मी मात्र सहा वर्षं धास्तावलेलो. काल जाऊन सगळं कबूल केलं. मोजणीसाहेब म्हणाले, "काका, तीस वर्षांत त्या दुर्बिणीत आकडे सरळ दिसले ते फक्त तीन दिवस. मला कळलं नसेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या बहिणीला काय उत्तर द्यावं, तेच सुचत नव्हतं."

बहीण पहिल्या रांगेत बसली आहे. निघताना त्याच चुलीवर चहा करून आली. साहेब, तुमचं उत्तर तिला पोचलं.

आपण ऐकून घेतलंत, उपकार झाले. माझ्याकडून काही उलटं धरलं गेलं असेल, तर आपल्या सोयीनं सरळ वाचून घ्यावं.