माईकवर आज्जाचं नाव

भागीरथी : आधी पाणी घ्या. ती काठी कोपऱ्यात ठेवा, मग बोला.

अप्पाजी : पोरगी कुठाय?

भागीरथी : असेल हितंच कुठंतरी. तुमची नात, तुम्हालाच ठाऊक.

अप्पाजी : मस्करी नको, भागीरथी. सगळ्या गावासमोर माझी अब्रू घालवलीय तिनं. शाळेत पोरांची ग्रामसभा. पंचायतीच्या मॅडम एका खुर्चीत, शेजारच्या खुर्चीत मी, फेटा बांधून. आणि ही माईकवर!

भागीरथी : फेटा कशाला म्हणते मी? सभा पोरांची.

अप्पाजी : नात बोलणार होती की गे माझी! किती दिवस मीच पाठ करून घेत होतो. शाळेत मुलींना संडास पाहिजे, अळनावरची सकाळची बस वेळेवर पाहिजे. खणखणीत बोल, कुणाच्या बापाला भिऊ नको, म्हणून सांगितलं.

भागीरथी : मग भ्याली?

अप्पाजी : भिते कसली! संडास झाला, बस झाली. मी टाळी वाजवायला हात उचलले, तर ही खाली बसंना. म्हणते, अजून एक आहे. आमच्या शेजारची योगिता दहावीत आहे, सोळा वर्षांची. तुळशीचं लग्न झालं की तिचं लावणार आहेत. तिला शिकायचंय. हे थांबवा.

भागीरथी : कानडीत बोलली?

अप्पाजी : कानडीतच. मास्तरबी तसं बोलत न्हाई.

भागीरथी : मधे कुठं अडखळली बिडखळली?

अप्पाजी : अडखळते कशाला? एका दमात! मॅडमनी विचारलं, लग्न जमवलं कुणी? तर सरळ माझ्याकडं हात करून म्हणाली, नम्म अज्जा. आमचा आज्जा. झालं! सगळी सभा वळून माझ्याकडं.

भागीरथी : आणि तुम्ही फेट्यात.

अप्पाजी : हसू नको!

भागीरथी : कुठं हसते? योगिताचा बाप होता न्हवं तिथं?

अप्पाजी : रामचंद्र? होता की. मॅडम म्हणाल्या, अठरा पुरी व्हायच्या आधी लग्न लावलं तर गुन्हा आहे, लावणाऱ्यावरबी आणि जमवणाऱ्यावरबी. तर हा म्हणतो, हळियाळच्या पाहुण्यांना शब्द अप्पाजींनी दिलाय, ते म्हणतील तसं करतो.

भागीरथी : मग काय म्हणालात तुम्ही?

अप्पाजी : काय म्हणू? उठलो, घटकाभर पारावर बसलो आणि आलो.

भागीरथी : पोरीला तिथं एकटी सोडून?

अप्पाजी : तू मलाच बोल! अगं, जन्मभर सोयरिकी जमवल्या मी. दिलेला शब्द कधी मागं घेतला न्हाई. हळियाळकर तोंडावर थुंकतील.

भागीरथी : थुंकू देत. फेटा आहे की पुसायला. शुभांगी! ये गे बाहेर. काय सांगायचं ते आज्जाला तोंडावर सांग.

(शुभांगी गोठ्याच्या दारातून पुढे येते.)

अप्पाजी : घरात बोलता येत नव्हतं तुला? चारचौघांत माझंच नाव?

शुभांगी : घरात तीनदा सांगितलं, आज्जा. तू म्हणालास, लहान तोंडी मोठा घास घेऊ नको.

अप्पाजी : म्हणून माईकवर?

शुभांगी : माईकवर तुला मधे बोलता येत नाही.

भागीरथी : अगं बाई!

शुभांगी : आणि मॅडमनी विचारलं तर खोटं सांगू? योगिताअक्का शाळेतून येताना रोज रडते. काल तिची पुस्तकंही माळ्यावर टाकलीत. तूच म्हणालास, कुणाच्या बापाला भिऊ नको.

अप्पाजी : बापाला म्हटलं होतं. आज्जाला नव्हे.

शुभांगी : मारणार मला?

अप्पाजी : मारतो कशाला? ये, हितं बस. पाय कापत होते काय गे तुझे?

शुभांगी : खूप.

अप्पाजी : शेजारी बसून मला दिसलं न्हाई. कुणालाच दिसलं नसणार.

भागीरथी : अहो, डोळे पुसा आधी.

अप्पाजी : धूर आहे तुझ्या चुलीचा. शुभांगी, पळ, योगिताला सांग, पुस्तकं खाली काढ म्हणावं. रामचंद्राकडं मी स्वतः येतो. आणि भागीरथी, तो फोन दे.

भागीरथी : मॅडमना लावणार?

अप्पाजी : हळियाळला. आधी ते निस्तरतो... हॅलो, अप्पाजी बोलतोय. हां, सगळे बरे. पाहुणे, हे लग्न होत न्हाई. पोरगी शाळेत आहे अजून... होय, शब्द मीच दिला होता. मीच परत घेतोय... रामचंद्र मोडत न्हाई हो... मॅडमना भिऊनबी न्हवे. आमच्या घरातलं माणूस नको म्हणालं... न्हाई, मुलगा न्हवे. नात. सातवीत आहे... होय, सातवीत... बोला, काय बोलायचं ते बोला, ऐकतो मी. खरं पाहुणे, आज सभेला तुम्ही असायला पाहिजे होतं. तिला ऐकायला पाहिजे होतं तुम्ही.