रस्त्यापलीकडची रोजीन

सन्माननीय अध्यक्ष अजितराव, व्यासपीठावरील पाहुणे, आजची उत्सवमूर्ती रोजीन, आणि एक खुर्ची सोडून एक बसलेल्या माझ्या मास्कधारी बंधुभगिनींनो,

मी ज्युलियाना, मूळची वसईची, इथे सिडनीत गिरावीनमध्ये रोजीनची शेजारीण. नोकरीसाठी ती ॲडलेडला चालली आहे, म्हणून मंडळाने हा निरोप ठेवला. तिला मराठी येत नाही. शिवांगी तिला इंग्लिशमध्ये सांगते आहे. शिवांगी, जरा माझ्या बाजूने सांग हं.

रोजीन कुर्द आहे. चार देशांत विभागलेला हा समाज. त्यांचं मागणं काय, तर आमच्या मुलांना आमच्या भाषेत शिकू द्या. घरात आपली बोली आणि शाळेत दुसरीच भाषा, हे आम्हा वसईकरांना कोणी वेगळं सांगायला हवं का? पण आम्हाला त्यासाठी कोणी तुरुंगात टाकलं नाही. रोजीनच्या धाकट्या भावाला, सेरहातला, तिकडे मायदेशी टाकलं. तो अंगणात मुलांना कुर्दी लिहायला शिकवत होता, एवढाच त्याचा गुन्हा.

गेल्या जुलैमध्ये त्याची सुनावणी जवळ आली, तेव्हा रोजीनच्या मंडळींनी पॅरामॅटाच्या बागेत मूक निदर्शन ठरवलं. कोविडमुळे फक्त वीस माणसांना मुभा. रोजीनने मला आणि अजितरावांना बोलावलं. अजितरावांनी तिचा मेसेज आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि हाताच्या सवयीने खाली लिहिलं, 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.' अध्यक्षमहाराज, हसता काय? लोक खरंच आले. स्कोफिल्ड्सहून आले, कॅसल हिलहून आले, श्यामलाताई तर डबाभर बटाटेवडे घेऊन आल्या.

पोलिसाने शांतपणे सांगितलं, जादा माणसं कमी करा, नाहीतर सगळंच थांबवावं लागेल. आम्ही ओशाळून निघालो, तर रोजीन आडवी आली. म्हणाली, "आमच्यासाठी आम्ही नेहमीच उभे राहतो. आज दुसरं कोणी उभं राहिलेलं दिसू दे." तिने स्वतःच्याच कुर्द मंडळींपैकी काहींना घरी पाठवलं आणि स्वतः रस्ता ओलांडून पलीकडे गेली. सख्ख्या भावासाठीचं निदर्शन, आणि बहीण रांगेत नाही! सेरहातच्या नावाचा फलक माझ्या हातात आला. मला रडू आवरेना, पण निदर्शन मूक होतं, त्यामुळे मुकाट्याने रडले.

सेरहात आता सुटला आहे. आमच्यामुळे सुटला असं म्हणण्याइतकी मी खुळी नाही; तिथल्या वकिलांनी जिवाचं रान केलं. पण त्या दिवसाचा फोटो वकिलांनी त्याला तुरुंगात दाखवला होता. गेल्या रविवारी रोजीन माझ्याच स्वयंपाकघरातून त्याच्याशी व्हिडिओवर बोलत होती. फोटोतल्या साडीवाल्या बायका कोण, म्हणून त्याने विचारलं. तिने मला पुढे ओढून दाखवलं. मग त्याने विचारलं, "पण तू कुठे आहेस? मी कितीदा शोधलं तुला."

रोजीन म्हणाली, "फोटो मी काढला."

 

मंडळाने मला बोलू दिलं, आपण सगळ्यांनी मास्कआडून का होईना ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. अजितरावांची थट्टा जरा जास्त झाली असेल, तर तेवढं पोटात घाला. आणि रोजीन, आता इकडे ये. आज फोटो मंडळाचा प्रणव काढणार आहे. तू मधे उभी राहा.