तराफ्यावरची खुर्ची

नाही नाही, तुमचं बरोबरच आहे, मी कुठं नाही म्हणतेय — बसा ना आधी, ओले आहात तर असू दे, ही बाकडी ओल्या माणसांसाठीच आहेत — आणि मुलीला सांगा, त्या पेटीतलं हवं ते आइस्क्रीम घे, विचारायचं नाही. कपाळाला लागलं का तिच्या? होडीला, त्या कनूला लागला होय बिअरचा कॅन, तिला नाही. मग वाचली म्हणायची. नाही, म्हणजे फेकणं वाईटच, आणि भरलेला होता म्हणता, भरलेला म्हणजे दगडच की तो. पण तुम्ही शनिवारी आलात ना, तिथंच चुकलं. कनू भाड्यानं ठरवलीत तेव्हा फोनवर ऑरिन बोलला असणार तुमच्याशी — माझा नवरा, आत्ता बसमधून तुम्हाला इथं सोडून परत खालच्या किनाऱ्याला, कनू बाहेर काढतात तिथं, गेला तोच — त्यानं सांगायला हवं होतं, लेकरं असतील तर मंगळवारी या, बुधवारी या. मंगळवारी ह्या नदीवर बगळा उतरलेला ऐकू येतो. शनिवारी सगळं सेंट लुईस शहर येऊन पडतं इथं, तराफे एकमेकांना बांधतात, मधल्या तराफ्यात नुसत्या बिअरच्या पेट्या, गाणी ही मोठ्यानं, बायका कनूत उभ्या राहून नाचतात, कनू उलटते, सगळे टाळ्या पिटतात — आणि सोमवारी आमचा ऑरिन कंबरभर पाण्यात उतरून कॅन वेचत बसतो. एकदा दातांची कवळी मिळाली त्याला. खरंच. धुऊन खिडकीत ठेवली होती, कुणी विचारायलासुद्धा आलं नाही.

रेंजरला, नदीवरच्या पोलिसाला फोन? करता येईल की, फोन हा काय इथंच आहे — तुमचा मोबाइल नाही लागायचा ह्या दरीत — पण आधी मला नीट सांगा, कारण रेंजर विचारणार, कोण होते, कसे दिसत होते, आणि शनिवारी सगळे सारखेच दिसतात हो, उघडे आणि भाजलेले. लाल टोपी. बरं. लाल टोप्या ढिगानं असतात. दाढी, आवाज मोठा, तोच सगळ्यांना चढवत होता. पाठीवर गरुड गोंदलेला — गरुड नाही तो, टर्की आहे, गोंदणाराच प्यालेला होता, मी त्याला तेव्हाच म्हटलं की — हां. थांबा, हा पंखा तुमच्याकडं वळवते. उकडतंय ना आज.

माझा मुलगा आहे तो. हार्लन. आता सांगितलंच आहे तर सांगितलं. नाही, तुम्ही कशाला अवघडताय, तुम्हाला काय माहीत. आणि लपवून काय करणार, गावात सगळ्यांना माहीत आहे — मी फक्त एवढंच म्हणत होते, की त्या फोनचं जरा — उद्या रविवार आहे ना. रविवारी त्याची मुलगी येते त्याच्याकडं, तुमच्या हिच्याएवढीच, न्यायाधीशांनी तेवढा एक दिवस ठेवलाय त्याला, आणि पुन्हा एकदा पिऊन सापडला तर तोही जाणार. मी त्याची बाजू घेत नाहीये. म्हणजे घेतेय, पण तुम्ही ऐकून तर घ्या. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तो प्यायचा ते माणसासारखा प्यायचा. मग रँडलचं झालं. रँडल त्याचा मित्र, शाळेपासूनचा, ह्या दुकानात माझ्या लाइफ जॅकेटच्या ढिगावर दोघं झोपायचे दुपारचे. असाच शनिवार, अशीच टोळी, आणि वरती तो पांढरा कडा आहे बघा, तुम्ही गेलात त्याच्या पुढून — तिथून उड्या मारतात, आणि पाणी उतरलं होतं गेल्या वर्षी. रँडलनं डोकं खाली करून मारली. हार्लननं काढला त्याला. काढला म्हणजे, किनाऱ्यावर नाही आणला, पाण्यातच धरून उभा राहिला, दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं घेऊन, कुणाला हात लावू दिला नाही, ओठ निळे पडले तरी हलला नाही, बचाववाल्यांची होडी येईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, ओढत आणला असता तर मेलाच असता. चर्चमध्ये लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या हो त्याच्यासाठी. आणि हा मधूनच उठून गेला. मी मागं गेले, तर ट्रकमध्ये बसलेला, स्टिअरिंगवर डोकं टेकून, म्हणाला, आई, रँडल पायवाटेनं खाली यायला निघाला होता, मीच म्हटलं त्याला, म्हाताऱ्यासारखा काय उतरतोस, मार उडी. मी शेजारी बसले, दुसरं काय. तर रँडलचं मानेखाली काही हलत नाही आता. मॅव्हिस म्हणून त्याची आई, तीच भरवते, तीच पुसते. आणि हार्लन रोज संध्याकाळी जातो, त्याची दाढी करतो, टीव्हीवर मॅच लावून देतो, दोघं भांडतात मॅचवरून — आणि तिथून बाहेर पडला की पितो. रोज. म्हणून मी म्हणत होते, एवढ्या वेळेला तुम्ही —

काय? विचित्र म्हणजे कसं विचित्र? पोरीनं विचारलं तुम्हाला, बरोबर आहे, पोरं विचारणारच, पण काय विचारलं? कुणाला बांधलं होतं? — अंगणातली घडीची खुर्ची. तराफ्यावर. आणि त्या माणसाला तिला बांधलेलं पट्ट्यानं, ट्रकमध्ये सामान आवळतात त्या पट्ट्यानं. तुम्हाला वाटलं गंमत चाललीय त्यांची. नळीनं बिअर ओतत होते तोंडात. अहो, हात हलत होते का त्याचे? आठवा ना. माशी हाकलली, टोपी सारखी केली, एकदा तरी हात वर केला का त्यानं? — मांडीवर होते. दोन्ही. सगळा वेळ. आणि लाइफ जॅकेट? — ते होतं, पण पट्टा त्याच्यावरून, म्हणजे तराफा उलटला तर माणूस खुर्चीसकट खाली. कुठं भेटले ते तुम्हाला? झऱ्याच्या अलीकडं की पलीकडं? — अलीकडं. म्हणजे पडलेल्या झाडांचं वळण अजून यायचंय त्यांचं. तिथं तुम्ही डावीकडून निघालात कारण ऑरिननं तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुमची एकच कनू होती, वळली. बांधलेले तराफे वळत नाहीत. ते सरळ जातात, जिकडं पाणी नेईल तिकडं, आणि तिथं पाणी सगळं त्या ओंडक्यांच्या खाली शिरतं.

ऑरिन. ऑरिन, रेडिओ घे. — ऑरिन, हार्लन आला का खाली? — नाही ना. ऐक, रँडल आहे त्यांच्याबरोबर. — रँडल, रँडल. मॅव्हिसचा. खुर्चीला आवळलाय त्याला. — मला काय विचारतोस कसा आणला, उचलून आणला असेल, तू मोटारची होडी काढ आणि वर जा, झाडांच्या वळणाच्या वर गाठ त्यांना, आणि सुरी घे, पट्टा कापायला. — नाही ऐकणार ते तुझं, माहीत आहे मला. रेंजरला मी करते फोन. तू नीघ.

थांबा हो, आता तुम्ही नका बोलू. — हॅलो, व्हर्ली टॅकेट बोलतेय, कनूवाली. तुमची होडी कुठं आहे आत्ता? झाडांच्या वळणावर पाठवा, लगेच. बांधलेले तराफे येतायत वरून, सगळे प्यालेले, आणि एका तराफ्यावर माणूस बांधलेला आहे खुर्चीला, त्याला हातपाय हलवता येत नाहीत. — हो, गेल्या वर्षीचाच तो. — कोण नेतंय? नाव आहे की. हार्लन टॅकेट. — हो. माझाच. — नाही, आज तसं सोडून नका देऊ. गाडी त्याची खालच्या किनाऱ्यावर आहे, तिथून तो रँडलला घालून तसाच चालवत जाईल घरी.

तुम्ही माफी कशाची मागताय? तुम्ही नसतं पाहिलं तर — राहू दे. उभे का राहिलात, बसा. किंवा उभे राहा. मीही कुठं बसतेय. मॅव्हिस बिचारी केस करून घ्यायला जाते शनिवारी, आठवड्यातून तेवढीच सुटते ती, तिला वाटत असेल दोघं टीव्हीपुढं आहेत. घशात नळीनं बिअर, अहो, त्याला खोकतासुद्धा येत नाही धड. आणि हार्लनला हे माहीत आहे, त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही, तोच तर पाजतो त्याला रोज पाणी, हनुवटी धरून, थोडं थोडं. मग आज काय — ह्या रेडिओचं बटण बघा दाबलेलं राहिलं नाही ना? काहीच कसं येत नाही.

हां. बोल. बोल ना. — गाठलं. वळणाच्या वर? — वरच. रेंजर पण आला. बरं. रँडल? — शिव्या देतोय. कुणाला? — सगळ्यांना. देऊ दे, शिव्या देतोय म्हणजे दम आहे. — काय म्हणतो? त्यानंच सांगितलं होतं न्या म्हणून? — छताकडं बघून कंटाळलो म्हणतो. हं. नदी बघायची होती त्याला. कुणी त्याला विचारलं तरी होतं का वर्षभरात, मी तरी कधी — बरं. पांघरूण आहे बसमध्ये मागच्या सीटखाली, खाली आलात की घाल त्याला. आणि हार्लन? — बेड्या. पुढून की मागून? — पुढून घातल्या ते बरं केलं, खांदा दुखतो त्याचा. भांडतोय? — नुसता बसलाय. — काय विचारतोय तो? — कुणी फोन केला.

मी केला म्हणून सांग. — नाही, गिऱ्हाईक-बिऱ्हाईक काही नाही, ऑरिन, उगाच कुणाचं नाव नको घेऊस. त्याच्या आईनं केला म्हणून सांग. — सांगितलंस? — बरं.

तुम्ही निघा आता. मला मॅव्हिसला फोन लावायचाय. दार ओढून घ्या जाताना.