ओटीचे नारळ आणि मामांची मोटार

पेट्रोलच्या काट्यावर तुमचा विश्वास नाही म्हणता? अहो, आमच्या मामांच्या मोटारीला काटाच नव्हता. लढाईच्या काळात ती पेट्रोलवरून कोळशाच्या गॅसवर आली, ती माझ्या लग्नापर्यंत तशीच. मामा नारळाचे व्यापारी, नारळ टिचकी मारून पारखायचे. कोळसा किती उरलाय, तेही मागच्या टाकीवर टिचकी मारून सांगायचे. चटका बसला तरी टिचकीच!

मालवणहून वऱ्हाड फोंडाघाटला निघालं, तेव्हाही त्यांनी टाकी वाजवली. "फोंड्यापर्यंत पुरतलो!"

नांदगावला गाडी बसली. टाकीत नुसती राख. मुहूर्त तोंडावर आलेला, आणि जवळ जळण म्हणाल तर नवरीच्या ओटीसाठी घेतलेले नारळ. ते फोडले, खोबरं वऱ्हाडाने खाल्लं, करवंट्या टाकीत गेल्या. ओल्या करवंट्यांच्या धुरात खोकत खोकत एकदाचे मांडवात पोचलो.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग घरातून एक नारळ आणून मामांच्या हातात दिला. सवयीने मामांचं बोट टिचकीसाठी वाकलं.

"वाजवू नकात," सासूबाई म्हणाल्या. "ह्यो गाडीक खंयच्या गावापर्यंत पुरतलो, तेवढां सांगा."